नवी वाइन, मराठवाड्याचा उन्हाळा आणि खिशातले दीड हजार

प्रश्न असा आहे: "मी जालन्यात राहतो. दोन-तीन वर्षांपासून अधूनमधून वाइन घेतो. दुकानात गेलं की दरवेळी एखादी 'नवीन आलेली' बाटली पुढं केली जाते. परवा अशीच एक लाल वाइन दाखवली. जड बाटली, गळ्यावर ९१ गुणांचं स्टिकर, किंमत दीड हजाराच्या आसपास. नवी वाइन चांगली आहे का आणि पैशाला परवडते का, हे आपलं आपल्याला चाखून कसं ठरवता येईल?"

सुरुवात त्या ९१ गुणांपासूनच करू. ते शंभरपैकी ज्या समीक्षकानं दिले त्याच्यासमोर वायनरीतून थेट आलेली, थंड खोलीत नीट ठेवलेली बाटली होती. तुमच्या हातातली बाटली त्यानंतर ट्रकमधून आली, कुठल्यातरी पत्र्याच्या गोदामात थांबली आणि मग जालन्याच्या दुकानात ट्यूबलाइटखाली उभी राहिली. लेबल तेच आहे, पण आतली वाइन तशीच राहिली असेल याची हमी कुणी घेत नाही. मी नाशिककडच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढली आणि आता छत्रपती संभाजीनगरात हॉटेलांना वाइन निवडून देतो. माझ्या वहीत वाइनच्या नावापुढं गुण नसतात. बाटली कुठून घेतली, कोणत्या महिन्यात घेतली आणि मग गुण, अशा ओळी असतात. मराठवाड्यात त्याशिवाय हिशेब जुळत नाही.

हे मी शहाणपणानं शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एप्रिलअखेरीस एका वायनरीत नुकतीच बाटलीबंद केलेली सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन चाखली होती. मोसंबीची साल नखानं खरवडल्यावर येतो तसा वास, मग पेरू, आणि मागून हळूच हिरवी मिरची. वीसपैकी सोळा गुण दिले आणि बारा बाटल्यांचं खोकं गाडीच्या डिकीत टाकलं. गाडी पुतण्या चालवत होता. वैजापूरला एका मित्राकडं जेवायला थांबलो, घरी यायला रात्र झाली, खोकं डिकीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, गाडी दिवसभर मंगल कार्यालयाबाहेर उन्हात. संध्याकाळी डिकी उघडली तर पुठ्ठ्यावर चिकट डाग. तीन बाटल्यांची बुचं फॉइल फुगवून वर आली होती. आठवड्यानं एक उघडली. मोसंबी गायब, त्या जागी गूळ घालून आटवलेल्या कैरीचा वास. तीच वाइन, त्याच टाकीतली, मीच चाखणारा. नऊ गुण.

कारण साधं आहे. द्रव तापला की फुगतो, बाटलीत जागा नसते, म्हणून तो बूच ढकलतो. रात्री थंड झाला की आक्रसतो आणि बुचाच्या कडेनं हवा आत ओढतो. असं चार-पाच दिवस झालं की वाइन शिजते आणि उतरतेही. आपल्याकडं मार्च ते जून पारा चाळिशीच्या आसपास, कधी वर. एसी नसलेल्या दुकानात मे महिना काढलेली पांढरी वाइन मी फुकटसुद्धा घेत नाही.

म्हणून दुकानात मी लेबल वाचण्याआधी बाटलीच्या तोंडावरून अंगठा फिरवतो. फॉइलखाली बूच बाटलीच्या काठाशी सपाट लागलं पाहिजे. उचललेलं असेल किंवा फॉइल चिकट असेल तर ठेवून द्यायची. मग मोबाइलचा टॉर्च मागून लावून गळ्यातली पातळी बघायची, शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली असेल तर नको. पांढऱ्या वाइनचा रंग फिक्या चहाकडं झुकला असेल तर नको. आणि दुकानदाराला एकच प्रश्न, "खोकं कधी आलं?" एकदा मला उत्तर मिळालं होतं, "साहेब, हे लई चालायलंय सध्या." बाटलीच्या खांद्यावर बोट फिरवलं तर धुळीत माझं बोट उमटलं. लई चालायलेल्या बाटलीवर एवढी धूळ बसत नाही. काचेच्या शोकेसमधली बाटली कधीच उचलू नका, मागच्या बंद खोक्यातली मागा. काढून देतात, फक्त मागावं लागतं. आणि स्क्रू कॅपची बाटली हलकी समजू नका. आपल्या हवेत बुचापेक्षा तिच्यावर माझा भरवसा जास्त आहे.

आता 'नवीन' या शब्दाचं. दुकानात तो चार अर्थांनी वापरला जातो. जुन्याच लेबलाचं नव्या हंगामाचं पीक, खरोखर नवं लेबल, तीच वाइन नव्या कपड्यात, किंवा दुकानात आज आलेलं जुनं खोकं. यातला तुमचा कोणता, हे लेबलावरच्या सालावरून कळतं. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडं एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. टाकीत थंड ठेवून आंबवलेली पांढरी वाइन पावसाळ्याच्या सुमारास बाटलीत येते. ओक लाकडाच्या पिंपात ठेवलेली लाल वाइन वर्ष-दीड वर्षानं येते. म्हणजे तीन वर्षांपूर्वीची सोव्हिन्यों कुणी 'नवीन' म्हणून दिली तर ती फक्त त्याच्यासाठी नवीन आहे. लाल वाइनला मात्र तीन वर्षं वावगी नाहीत.

सालच छापलेलं नसेल तर ती बहुधा दोन-तीन हंगामांचं मिश्रण असते. स्वस्त वाइनमध्ये हे चालतं, वाईटच असते असं नाही. पण दीड हजार मागणाऱ्यानं साल लिहावं.

खरेदीचा काळ हुरड्याचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा वाहतूकही थंडीत होते. नवी बाटली आणली की लगेच उघडू नका, आठ-दहा दिवस आडवी पडू द्या. प्रवासात हिंदकळलेली वाइन थोडे दिवस मुकी असते, वास देत नाही.

चाखायला आम्ही चौघं बसतो. मी, बँकेतून निवृत्त झालेले मेहुणे, शेजारचे दाताचे डॉक्टर आणि कडवंचीकडचे एक द्राक्ष बागायतदार, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. तुमच्या जालन्याचं कडवंची पाणलोटाच्या कामासाठी आणि शेततळ्यांवरच्या द्राक्षांसाठी माहीतच असेल. अण्णा घरी वाइन पीत नाहीत, पण त्यांची जीभ आम्हा तिघांपेक्षा सरस आहे. आयुष्यभर मणी तोंडात टाकून साखर-आंबट जोखलेला माणूस. पहिल्यांदा आले तेव्हा शिराझ द्राक्षाची एक महागडी लाल वाइन तोंडात फिरवून थुंकली आणि म्हणाले, "साखर होती रे हिच्यात चिक्कार, पण आंबट कुठं गेलं?" लेबल उघडलं तर अल्कोहोल साडेचौदा टक्के. द्राक्षं झाडावर फार दिवस ठेवली की साखर चढते, आम्ल उतरतं. ती साखर आंबून अल्कोहोल होते, आम्ल मात्र परत येत नाही. अण्णांनी ते एका घोटात ओळखलं होतं.

बैठक रविवारी सकाळी अकराला. संध्याकाळी नाही, कारण दिवसभराच्या चहा-भजींनी जीभ थकलेली असते. त्या दिवशी सकाळी ठेचा नाही, तंबाखू नाही, पान नाही, आणि देवघरातली उदबत्ती दहाच्या आत विझलेली. शेवटच्या अटीवर घरात दोनदा वाद झाला आहे. घोटांच्या मध्ये तोंड साफ करायला पुस्तकांत पावाचा तुकडा सांगतात. आम्ही ज्वारीची भाकरी घेतो. तिच्यात मीठ नसतं, तेल नसतं, पावापेक्षा बरं काम करते. ग्लास सगळे एकसारखे, पातळ काचेचे, पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळते. स्टीलच्या पेल्यात ना रंग दिसतो ना वास जमतो. एका वेळी पन्नास मिली, म्हणजे एका बाटलीत पंधरा माप. सहापेक्षा जास्त वाइन एका बैठकीत नकोत, सातवीपासून सगळ्या सारख्याच लागतात.

आणि थुंकायचं. पुण्या-मुंबईच्या बैठकांमध्ये लोकांना थुंकायला शिकवावं लागतं. आपल्याकडं ते कुणाला शिकवावं लागत नाही. माझ्या आजोबांची पितळी पीकदाणी यासाठीच माळ्यावरून खाली आली. न थुंकता सहा वाइनना गुण देणारा चौथ्या वाइनपासून मूडला गुण देतो, आणि घरी गाडी चालवत जाणार असेल तर प्रश्नच मिटला.

तापमानावर थोडं जास्त बोलतो, कारण इथंच आपले निम्मे निकाल चुकतात. लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला द्यावी असं लेबलावर लिहिलेलं असतं. ती रूम युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, सोळा-अठरा अंशांची. आपली रूम एप्रिलात चौतीस अंशांची. त्या तापमानाला कोणतीही लाल वाइन नाकात स्पिरिटसारखी घुसते, फळ मागं पडतं, आणि बिचाऱ्या वाइनला 'कडक' असा शेरा मिळतो. लाल वाइन उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात पाऊण तास. पांढरी उलट. फ्रिजमधून काढल्या काढल्या ती इतकी गार असते की वास बंद आणि दोषही झाकलेले. दहा मिनिटं बाहेर ठेवा, मग गुण द्या. एक उपयोगी लक्षण सांगतो. जी पांढरी वाइन गार असताना छान आणि ग्लासात थोडी कोमट होताच बेचव होते, तिच्यात पहिल्यापासून फारसं काही नव्हतं, गारव्याचंच काम चाललं होतं.

बाटल्या झाकायच्या. आम्ही जुने लांब पायमोजे चढवतो, धुतलेले, आणि गळ्याला चिठ्ठीवर नंबर. हे नाटक वाटतं, पण त्याशिवाय गुणांना अर्थ नाही. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथं वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेली मुलं, तरी डोळ्यांनी नाकाला गप्प केलं. त्याच्याही आधी, २४ मे १९७६ ला, पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्यानं फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवल्या. पांढऱ्यात आणि लालमध्ये, दोन्हीकडं पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा. लेबलं दिसत असती तर हे झालं असतं असं मला वाटत नाही. मेहुण्यांच्या बाबतीत तर खात्रीच आहे, त्यांना जड बाटली दिसली की दोन गुण आपोआप वाढतात.

पायमोज्यांत आणखी दोन गोष्टी लपवतो. एक, ओळखीची साधी वाइन, सहाशे-सातशेची, जिची चव आम्हाला पाठ आहे. तिला आम्ही पायरी म्हणतो. नवी वाइन पायरीच्या वर गेली की खाली राहिली, हे आधी बघायचं. दोन, सहांपैकी एक वाइन दोन मोज्यांत, दोन नंबरांनी. एकदा डॉक्टरांनी तीन नंबरला अकरा आणि पाच नंबरला पंधरा दिले, दोन्हींत वाइन एकच. त्या दिवशी त्यांचे गुण धरले नाहीत, त्यांनीच नको म्हणून सांगितलं. यात लाज काही नाही. अमेरिकेत रॉबर्ट हॉजसन या वायनरीमालकानं कॅलिफोर्नियाच्या राज्य स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली होती. आपल्याच गुणांशी नीट जुळणारे परीक्षक दहात एखादे निघाले. तुमच्या स्टिकरवरचे ९१ आणि शेजारच्या बाटलीचे ८८ यांतला फरक किती मनावर घ्यायचा, ते यावरून ठरवा.

वासाबद्दल एक तक्रार. मराठीत वाइनवर लिहिणारे लीची, गूजबेरी, ब्लॅककरंट असे शब्द जसेच्या तसे उचलतात. ज्यानं गूजबेरी कधी चाखली नाही त्याला त्यातून काय कळणार? आपल्याकडं स्वतःचा पक्का शब्दसाठा आहे आणि बऱ्याचदा तो रसायनशास्त्रालाही धरून असतो. शिराझमध्ये काळी मिरी जाणवते ती कल्पना नाही. मिऱ्यात जो रोटंडोन नावाचा पदार्थ असतो तोच त्या द्राक्षाच्या सालीत असतो. काबर्ने सोव्हिन्यों ही लाल वाइनची द्राक्षं कच्ची तोडली तर ढोबळी मिरचीचं देठ मोडल्यासारखा वास येतो, त्याचंही कारण तेच, दोन्हीकडं एकच रसायन. ओकच्या पिंपातून लवंग येते कारण लवंगेतलं युजेनॉल भाजलेल्या लाकडातही असतं. अमेरिकन ओक असेल तर सुकं खोबरं येतं. घरात येसर भाजताना जो एकत्र वास येतो, लवंग, खोबरं, थोडं करपलेलं, त्याच्या जवळचा वास मला चांगल्या ओकच्या लाल वाइनमध्ये कितीदा तरी मिळाला आहे. लाल वाइनमध्ये जांभूळ आणि करवंद शोधा. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये पेरू, पपई, कधी बीडच्या सीताफळाचा गर. रिसलिंग या दुसऱ्या पांढऱ्या वाइनला चक्क रॉकेलचा वास येऊ शकतो, उष्ण हवेत लवकर येतो, आणि थोडासा असेल तर तो दोष धरत नाहीत. रेशनच्या रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आमच्या पिढीला तो कौतुकाचा वाटणं अवघड आहे, हे कबूल.

वासात तीनपेक्षा जास्त गोष्टी सापडायलाच पाहिजेत असं नाही. दहा वास सांगणाऱ्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. मी बघतो ते एवढंच: पाच मिनिटांनी परत हुंगलं तर काही नवं आलं का? पहिल्या वासात सगळं दिलं आणि मग गप्प बसली, ती साधी वाइन. थांबून थांबून बोलते, ती बरी.

दोष मात्र ओळखता आलेच पाहिजेत. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा पोत्याचा वास आला तर बूच बाधलेलं आहे, हलवून जात नाही, उलट वाढतो. नेलपॉलिश आणि शिर्का आला तर आंबट जिवाणूंनी काम केलं आहे. विझवलेली काडेपेटी किंवा सडकं अंडं आलं तर घाबरू नका, ग्लास दोन मिनिटं जोरात फिरवा, बहुतेकदा निघून जातो. उकडलेलं फळ म्हणजे माझी डिकी.

तोंडात चार गोष्टी बघायच्या. आंबट पहिली. चिंचेतलं मुख्य आम्ल आणि द्राक्षातलं मुख्य आम्ल एकच, टार्टारिक. त्यामुळं ही चव आपल्या ओळखीची आहे, वरणात चिंच जास्त झाली की घरात कुणालाही कळतं. थुंकल्यावर जिभेच्या कडांना लाळ सुटली पाहिजे. उष्ण भागात आम्ल कमी पडतं म्हणून वायनरी ते वरून घालतात, कायदेशीर आहे, सगळीकडं करतात. नीट घातलेलं असेल तर कळत नाही. घाईत घातलेलं असेल तर फळ एकीकडं आणि आंबट दुसरीकडं, चिंच शेवटी वर टाकलेल्या आमटीसारखं.

दुसरं टॅनिन, लाल वाइनचा तुरटपणा. जांभूळ खाल्ल्यावर दातांवरून जीभ अडखळत फिरते ना, ते. पिकलेल्या जांभळाचा तुरटपणा गोड फळाबरोबर येतो आणि जातो. कच्च्या डाळिंबाच्या सालीचा तुरटपणा टाळूला चिकटून बसतो. पहिला चालतो, दुसऱ्याचे गुण कापा. तिसरं अल्कोहोल, घशात ऊब हवी, जाळ नको. चौथं लांबी. थुंकल्यावर मनात आकडे मोजा. तीन-चारला चव संपली तर रोजची वाइन. आठ-दहापर्यंत राहिली, आणि राहिली ती फळाची चव, नुसतं कडू नव्हे, तर ती वरच्या वर्गातली.

गुण आम्ही वीसपैकी देतो. रंग आणि स्वच्छतेला दोन, वासाला सहा, तोंडातल्या चवीला आठ, लांबीला चार. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाची वीस गुणांची जुनी पद्धत आहे, तिच्यावरून मी आमच्यापुरती कापून-शिवून घेतली आहे. शंभरपैकी गुण देण्याची पद्धत १९७८ नंतर रॉबर्ट पार्कर या अमेरिकी समीक्षकामुळं जगभर गेली. त्यात सुरुवातच पन्नासपासून होते, आणि दुकानात स्टिकर लागतं ते ऐंशीच्या पुढच्यांना. त्यामुळं ९१ वाचून दहावीच्या निकालासारखं हुरळून जाऊ नका. गुण मांडेपर्यंत बोलायचं नाही, एवढा एक नियम कडक आहे. मेहुण्यांनी नुसतं "हं!" केलं तरी पुढच्या माणसाचा एक गुण हलतो.

आता पैशाचं. गुण लिहून झाले की, पायमोजे काढण्याआधी, प्रत्येकानं चिठ्ठीवर एकच आकडा लिहायचा: ही बाटली मी किती रुपयांपर्यंत घेईन? "किती किमतीची असेल" असा अंदाज लिहायचा नाही. स्वतःच्या खिशातून किती काढीन, ते लिहायचं. चौघांपैकी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा सोडून द्यायचा, मधल्या दोघांची सरासरी घ्यायची आणि तिला छापील किमतीनं भागायचं. एकाच्या वर आलं तर खोकं घेण्यासारखी. पाऊण ते एकच्या मध्ये असेल तर पाहुणे येणार असतील तेव्हा एखादी. पाऊणच्या खाली असेल तर वाइन कितीही चांगली असो, आपल्यासाठी महाग. मागच्या हिवाळ्यात एका लाल वाइनला साडेपंधरा गुण मिळाले, बैठकीत सगळ्यात जास्त. सरासरी आली साडेनऊशे, किंमत होती अठराशे. अर्ध्याहून जरा जास्त. त्याच दिवशी एका शेनिनला साडेतेरा गुण, सरासरी आठशे, किंमत सातशे. अण्णांनी जाताना तिचंच नाव लिहून नेलं.

किंमत कशाची असते हेही बघा. साध्या बाटलीत काच, बूच, लेबल, खोकं, वाहतूक, वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा, कर, हे सगळं वजा केलं की आतल्या द्राक्षाच्या वाट्याला फार थोडं उरतं. समजा सहाशेच्या बाटलीत द्राक्षावर साठ रुपये गेले. हजाराच्या बाटलीत काच-बुचाचा खर्च तितकासा वाढत नाही, म्हणून द्राक्षावर दुप्पट-तिप्पट जाऊ शकतात. त्यामुळं सहाशेवरून हजाराकडं जाताना चवीतला फरक स्पष्ट कळतो. दोन हजारांच्या पुढं मात्र जड काच, ओक आणि नाव यांचे पैसे लागतात. देशी वाइनमध्ये पांढरीला सहाशे ते नऊशे आणि लालला आठशे ते बाराशे या पट्ट्यात मला सर्वात जास्त समाधान मिळालं आहे. हा माझा अनुभव, दर बदलतील.

आयात बाटलीचं गणित वेगळं. बाटलीबंद आयात वाइनवर सीमाशुल्क आणि त्यावरचा अधिभार मिळून दीडशे टक्के लागत आलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत २९ डिसेंबर २०२२ पासून ठराविक किमतीच्या वरच्या बाटल्यांना टप्प्याटप्प्यानं सवलत सुरू झाली. याउलट राज्याच्या २००१ च्या धोरणापासून इथल्या द्राक्षाच्या वाइनला महाराष्ट्रात करात सवलती मिळत आल्या आहेत. म्हणजे दीड हजाराची परदेशी बाटली तिच्या गावी बरीच स्वस्त, रोजच्या जेवणाची वाइन असते, आणि दीड हजाराची देशी बाटली वायनरीची वरच्या फळीची असते. 'इंपोर्टेड आहे' म्हणून जास्त पैसे देणारा जकातीचे पैसे पितो. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांसाठी एक आडवळण: नाशिक लांब पडत असेल तर फ्रातेल्ली या वायनरीचे मळे सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडं आहेत. सांजोवेझे हे इटालियन द्राक्ष ते तिथं पिकवतात. जाऊन चाखलं की बाटलीनं प्रवासात काय गमावलं, हे स्वतः पडताळता येतं.

बैठक संपली की उरलेल्या वाइन बुचं लावून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एक घोट, या वेळी जेवणाबरोबर. काही वाइन रात्रीतून पडतात. काही उलट उमलतात, त्यांना मी एक गुण वाढवून देतो. जेवण इथलंच असू द्या. तिखट आणि टॅनिन यांचं पटत नाही, ठेच्याबरोबर तुरट लाल वाइन घेतली की तोंडात आग लागते. धपाटे-दह्याबरोबर किंचित गोडसर शेनिन सुरेख जाते. नान-खलियाला मिरी असलेली शिराझ.

आता तुमच्या त्या बाटलीचं. स्टिकर विसरा. बंद खोक्यातली एकच मागा, तोंडावरून अंगठा फिरवून बघा, साल बघा, मागच्या लेबलावरचं अल्कोहोल बघा. साडेचौदाच्या वर असेल तर अण्णांचा प्रश्न लक्षात ठेवा. आठ-दहा दिवस घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात आडवी ठेवा. मग एका रविवारी, सातशेची एखादी ओळखीची लाल वाइन शेजारी ठेवून, दोन्हींना पायमोजे घाला. ग्लासात कुणी दुसऱ्यानं ओतायचं, तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन थांबायचं. आणि घेताना खोक्यावरच्या बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा. आवडली तर दुसरी त्याच बॅचची मागता येईल, आणि खोकं मे महिना काढून आलेलं निघालं तर कोणतं टाळायचं तेही कळेल.